पावशीचं वय

माझ्या सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्याबाईंना, लोखंडाचं वय कळायचं. विळीचं पातं असो, कुऱ्हाड असो, धान कापायचा विळा असो, आधी नखानं टिचकी मारून कानाशी धरायच्या, मग अंगठ्यानं धार चाचपायच्या, आणि न्यायाधीशाच्या थाटात निकाल द्यायच्या, "जुनं हाये" नाहीतर "कालचं हाये." आमच्या भंडाऱ्याकडच्या गावात कापणीच्या आधी वस्तीतल्या सगळ्या बाया आपापले विळे त्यांच्यापुढं आणून ठेवत. त्यांनी नाक मुरडलं की तो विळा परत जायचा. एवढा त्यांचा दरारा. आणि या दराऱ्याची हकिकत मला रोज भाजी चिरताना ऐकावी लागायची, कारण भिलाईत आल्यापासून त्यांना दुसरं कोणी ऐकणारं मिळालं नव्हतं.

आम्हाला सेक्टर सहामध्ये क्वार्टर मिळालं तेव्हा पोलादाच्या कारखान्याचं बांधकाम अजून चालूच होतं. एका बाजूला भट्टी पेटलेली, दुसऱ्या बाजूला पाया खणणं सुरू. रस्त्याकडेला लावलेली झाडं विटांच्या कठड्यात उभी होती आणि कठडेच झाडांपेक्षा उंच होते. लाल धूळ घरात यायची ती भांड्यांवर, अंथरुणावर, माझ्या लहानग्या पोरीच्या पापण्यांवर बसायची. आमचे हे रेल मिलमध्ये होते, जिथं तापलेल्या लोखंडाचे रूळ लाटले जातात. घरी येत ते घामानं मीठ फुटलेल्या शर्टात, आणि तरी आल्या आल्या आईला सांगत, आज किती लांबीचा रूळ निघाला. आत्याबाई ऐकून न ऐकल्यासारखं करत.

माझी गोष्ट वेगळी होती. लग्नाआधी मी मॅट्रिक होऊन मास्तरकीचं ट्रेनिंग केलं होतं. माझ्या आईनं लोकांच्या शेतात निंदण करून मला शिकवलं आणि आमच्या दोन्ही घरांत हातात खडू धरणारी मी पहिलीच बाई असणार होते. त्या वर्षी दिवाळीनंतर टाउनशिपच्या प्राथमिक शाळेत मला जागा मिळाली. पोरगी अजून रांगत होती. तिला आत्याबाई सांभाळतील हे मी गृहीतच धरलं होतं. कोणाला विचारायचं असतं हेही माझ्या डोक्यात आलं नाही.

आणि नेमकं त्याच आठवड्यात आत्याबाईंनी जाहीर केलं, "मी गावाले जातो."

"कावून वो आत्याबाई? काय झालं?"

"इथं काय हाये माहं? झाडं नवे, घरं नवे, मानसं नवे. कोनी मले काई इचारत नाई. अन् हे तुही इळी!" त्यांनी विळी पायानं दूर सारली. "याच्यानं भाजी चिरली का मले वास येते. कारखान्याचं लोखंड हाये हे. याच्यात जीव नाई."

विळी बाजारातली होती, साधी. त्यांची जुनी विळी, तिला त्या पावशी म्हणत, गावी माझ्या थोरल्या जाऊबाईंकडे राहिली होती. लग्न होऊन आल्या तेव्हापासून ती त्यांच्या हाताखाली होती, आणि माणसाची आठवण काढावी तशी त्या तिची आठवण काढत. मी समजूत काढायला हवी होती. पण माझा राग कायम नाकाच्या शेंड्यावर, आजही तिथंच आहे. मी म्हटलं, "जा मग. तिकिटाचं सांगते यांना." आणि न्हाणीत जाऊन, नळ मोठा सोडून, पोटभर रडले. शाळा हातची गेली असं मला तेव्हा स्पष्ट दिसत होतं.

आमच्या मागच्या ओळीत, आमच्यापेक्षा मोठ्या क्वार्टरमध्ये, एक इंजिनिअर साहेब राहत. घराणं दुर्गचं, पिढ्यान्‌पिढ्या तिथं मुरलेलं मराठी कुटुंब. मराठी बोलता बोलता मध्येच हिंदीत उतरत आणि पुन्हा वर येत. पोलादाची तपासणी हे त्यांचं काम. त्यांच्या बायकोला आम्ही सगळ्या वहिनी म्हणत असू. आम्ही दीक्षा घेतलेली माणसं आहोत हे तिला पहिल्याच दिवशी कळलं, भिंतीवरची बुद्धाची तसबीर समोरच होती. तिनं तसबिरीकडे पाहिलं, छान आहे म्हणाली, आणि चुलीपाशी पाट ओढून बसली, "चहा टाका, साखर जरा जास्त." नव्या गावात पहिला चहा कोणी मागून घेतला हे बाई विसरत नाही. मी तर नाहीच विसरले.

हे साहेब त्याच वर्षी कारखान्याच्या कामानं जपानला जाऊन आले होते. एका संध्याकाळी आमच्या अंगणात खुर्ची टाकून तिथल्या गमतीजमती सांगत होते. आत्याबाई उंबऱ्यात पाठ करून बसल्या होत्या, म्हणजे कान देऊन बसल्या होत्या.

"तिकडं एका रविवारी मला तलवारी ओळखायच्या स्पर्धेला नेलं," साहेब म्हणाले. "पांढऱ्या कपड्यावर ओळीनं नुसती पाती मांडलेली. मुठी काढून टाकलेल्या. आणि पात्याचा बुडखा असतो ना, जिथं लोहाराचं नाव कोरलेलं असतं, तो झाकून टाकलेला. लोक येतात, पात्यापुढं वाकतात, उजेडात तिरपं धरून पाहतात. कोणी एक शब्द बोलत नाही. मग सांगायचं, ही कोणत्या काळातली, कोणाच्या हातची."

"अन् चुकलं तं?" आत्याबाईंनी पाठ न वळवता विचारलं.

"चुकतात की माताजी, भलेभले चुकतात! कारण जुन्या तलवारींमध्ये ते हळूच एखादी आत्ताची मांडतात, आज जिवंत असलेल्या लोहारानं केलेली. आणि ज्याची नवी तलवार जाणकारांनी जुनी म्हणून सांगितली, त्या लोहाराला मग दुसरं बक्षीसच नको. और एक बात. लोहाराचं नाव चुकलं पण त्याच्या मुलाचं, शिष्याचं सांगितलं, तर नापास नाही करत. माणूस चुकला, घराणं बरोबर, असं म्हणतात."

आत्याबाई वळल्या. "याच्यात काय मोठं? मी डोये बांधून सांगतो."

वहिनीनं तो शब्द खाली पडू दिला नाही. "मग होऊनच जाऊ दे. तलवारी कुठून आणणार, पण विळ्या तर घरोघरी आहेत." खरंच होत्या. आमच्या त्या ओळींमध्ये सगळा देश येऊन राहिला होता आणि प्रत्येक बाई आपल्या मुलखाची विळी घेऊन आली होती. बंगाली शेजारणीची उंच मानेची बोटी, तेलुगू बाईंची जाड पाटाची कत्तिपीट, आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या छत्तीसगढी बाईची पहसुल. साहेबांनी नियम ठरवला. कारखाना यायच्या आधीचं पातं ते जुनं, नंतरचं ते नवं. लाकडी पाट कापडात बांधायचा, म्हणजे विळी कोणाची आणि कुठली ते कळणार नाही. बघा, वाजवा, हवं तर कोहळ्याची फोड चिरा, आणि सांगा.

आत्याबाईंनी ट्रंक भरून ठेवली होती. "तमाशा पाहून जातो," म्हणाल्या.

तयारीचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. उशांचे जुने अभ्रे कापून मी पाटांना पिशव्या शिवल्या. काळं पडलेलं पातं जुनं, चकचकीत ते नवं, असं कोणीही सांगितलं असतं, म्हणून सगळी पाती चिंच आणि राखेनं घासून एकसारखी करायची होती. दोन दिवस मी अंगणात घासत बसले होते. नखं काळी झाली, बोटांना चिरा गेल्या, आणि प्रत्येक पात्याबरोबर मी मनातल्या मनात आत्याबाईंशी भांडून घेतलं. एक विळी मात्र माझ्याकडे आलीच नाही. ती आमच्या ह्यांनी परस्पर साहेबांकडे पोचवली होती. मला त्याचा पत्ता नव्हता.

रविवारी दुपारी मागच्या मैदानात टेबलं जोडून त्यावर चादर अंथरली. थंडीचे दिवस, ऊन अंगाला बरं वाटत होतं. सगळ्या ओळी जमल्या. पुरुष सायकली आडव्या टाकून कुंपणापाशी उभे राहिले. बक्षीस म्हणून वहिनीनं अनारशांचा डबा आणून मध्ये ठेवला आणि पोरं डब्याभोवती उभी राहिली.

पहिला तासभर नुसती धमाल झाली. तेलुगू बाईंनी कोहळ्याच्या फोडी पाडत पाडत सगळ्या विळ्या नव्या ठरवल्या. कुंपणाकडचे एक फोरमन पुढं आले, पातं दातानं चावून पाहिलं, आणि त्यांच्या बायकोनं तिथूनच त्यांचा उद्धार केला. बंगाली शेजारणीनं तर कमाल केली. एक पातं हातात घेऊन तिनं खूप वेळ पाहिलं आणि मान उडवून सांगितलं, "नया है. बिलकुल बाज़ार का माल." पिशवी काढली तर तिचीच बोटी, तिच्या आईनं दिलेली. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ते पाणी काही लवकर थांबेना. वहिनीनं तिला जवळ घेतलं.

मग आत्याबाई उठल्या. लुगड्याचा पदर खोचला, टेबलाशी गेल्या. डोळे बांधायची गरज पडली नाही, त्यांनी ते मिटूनच घेतले. टिचकी, कान, अंगठा. "जुनं." बरोबर. "नवं. अन् घाईत केलेलं हाये." बरोबर. एका पात्याशी त्या घुटमळल्या, धारेवरून उलटा अंगठा फिरवला. "पातं जुनं हाये, पन पानी नवं देल्लं हाये याले." पाणी देणं म्हणजे लाल तापवलेलं पातं पाण्यात बुडवून धार कडक करणं. छत्तीसगढी बाई ओरडलीच, तिनं ती पहसुल नुकतीच भट्टीतून काढून आणली होती. साहेब टाळ्या पिटत होते. मैदान आत्याबाईंकडे पाहत होतं, आणि आत्याबाईंची पाठ इतकी ताठ मी गावाकडेही पाहिली नव्हती. मला भांडण विसरून अभिमान वाटला. ही माझी सासू, असं सगळ्यांना सांगत सुटावंसं वाटलं.

टेबलाच्या टोकाला शेवटची विळी होती. आत्याबाईंनी टिचकी मारली, कानाशी धरली, आणि तशाच राहिल्या. मग डोळे उघडले. पात्याची मान उन्हाकडे करून पाहिली. हात फिरवला, पुन्हा फिरवला. बोलल्या तेव्हा आवाज निकाल देणाऱ्या बाईचा नव्हता.

"हे जुनं हाये. लय जुनं. हा आमच्या गावच्या लोहाराचा हात हाये. मानेजवळ थो तिरपे दोन घाव मारे, हे पाहा, हे. दुसरं कोनी मारत नाई. थो मरून लय वर्सं झाले." आणि साहेबांकडे वळून, "कोनाची हाये हे? कुठून आनली?"

साहेबांनी आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं. हे कुंपण सोडून पुढं आले. चेहरा आनंदानं फुलला होता, आणि मला त्याच क्षणी कळलं की यांनी काहीतरी घोळ घातलेला आहे.

"माय, तुह्यासाठीच हाये हे. आत्ताच बनवून घेतली. त्या लोहाराचा पोरगा हाये न, थो इथं खुर्सीपारात राहते. अन् लोखंड आपल्या मिलचं हाये, रुळाचा तुकडा. भंगारवाल्यापासून इकत घेऊन देल्ला मी त्याले. तू म्हनत होती न, इथल्या लोखंडात जीव नाई?"

"माणूस चुकला, घराणं बरोबर!" साहेब आनंदानं ओरडले. "माताजी, काय ओळखलं तुम्ही! और नयी को पुरानी कहा, याहून मोठी पावती त्या लोहाराला कोण देणार?" टाळ्यांचा कडकडाट झाला.

आत्याबाईंचा चेहरा उतरला. त्यांना टाळ्या ऐकूच आल्या नसाव्यात. त्यांना एवढंच ऐकू आलं की आयुष्यात पहिल्यांदा त्या चुकल्या, चार मुलखांच्या माणसांपुढं चुकल्या, आणि चुकवलं ते पोटच्या पोरानं. त्यांनी पावशी टेबलावर ठेवली. "तुमचा जपान तुमच्यापाशी ठेवा," एवढंच म्हणाल्या आणि पदर डोक्यावरून ओढून घराकडे चालू लागल्या. अनारशांचा डबा तिथंच राहिला.

घरी मी ह्यांना फैलावर घेतलं. "तुम्हाला आजच अवदसा आठवली होती का? घरात द्यायची होती पावशी! आता त्या थांबतील का? माझ्या शाळेचं काय?" हे खाली मान घालून बसले. मग हळूच म्हणाले, "मी रोज त्या लोखंडापाशी भाजून येतो. मला वाटलं, एकदा तरी तिनं म्हणावं की चांगलं आहे. न सांगता म्हणावं." मला त्यांचा इतका राग आला होता, आणि त्याच वेळी इतकी माया दाटून आली, की मी नुसतं जेवायला वाढलं. आत्याबाई जेवल्या नाहीत. ट्रंकेला दोरी बांधण्याचा आवाज आतून येत राहिला.

सकाळी हे कामावर गेले तशा आत्याबाई चप्पल घालून दारात उभ्या. मला वाटलं, स्टेशन. तर म्हणाल्या, "मले त्या खुर्सीपारात ने."

पोरीला कडेवर घेऊन मी रिक्षा केली. लोहाराशी भांडायला चालल्या आहेत अशी माझी खात्री होती, आणि मी मनातल्या मनात त्याची माफी कशी मागायची ते जुळवत होते.

खुर्सीपारात एकाला एक लागून झोपड्या, चहाच्या टपऱ्या, सायकलींची दुरुस्ती, आणि सगळीकडे कंत्राटी कामावरची माणसं. लोहाराची भट्टी एका निंबाखाली होती. तो दुपारच्या पाळीला कारखान्यात ठेकेदाराकडे जायचा आणि सकाळी इथं भाता चालवायचा. आमच्या ह्यांच्याच वयाचा, काळा, रुंद. त्यानं आत्याबाईंना निरखून पाहिलं.

"तुमी आमच्या गावच्या न? वस्तीतल्या? इळे पाहनाऱ्या मावशी?"

"व्हय," आत्याबाई म्हणाल्या. मग एकदम, दरडावून, "मानेजवळ दोन घाव तू कायले मारतं रे?"

तो गडबडला. ऐरणीकडे पाहिलं, हातातल्या हातोडीकडे पाहिलं. "बाप मारे म्हनून मारतो. थो कावून मारे, मले बी नाई मालूम. त्याच्या बापालेच मालूम असन."

आत्याबाई हसल्या. कालपासून त्यांच्या तोंडावर पहिल्यांदा काहीतरी हललं. भट्टीत एक विळा तापत होता. त्यानं तो काढला, ठोकला, पुन्हा तापवला, माठात बुडवला, पाणी चर्र झालं. आत्याबाई हे सगळं जरा लांब उभ्या राहून पाहत होत्या. मी जवळ बोलावलं तरी आल्या नाहीत. विळा निवल्यावर त्यानं धार काढली, तेलाचा बोळा फिरवला, आणि चार पावलं चालून त्यांच्यापाशी आला. विळा पुढं केला.

"पाहा बरं मावशी. जमला का?"

आत्याबाईंनी हात पुढं केला नाही. त्या खाली जमिनीकडे पाहत होत्या, त्याच्या पायांपाशी. मला काही कळेना. तो तसाच हात लांब करून उभा.

"घ्या न. गरम नाई आता."

तेव्हा त्यांनी विळा घेतला. त्याच्या हातातून घेतला. टिचकी मारली, कानाशी धरला, धारेवरून अंगठा फिरवला. "नवं हाये," म्हणाल्या. "चांगलं हाये."

तो खूश होऊन पुन्हा भात्याकडे वळला. त्याच्या लेखी काहीच घडलं नव्हतं. एका म्हाताऱ्या बाईनं विळा पाहिला, पसंत केला. त्या माणसाचे मी कधी आभार मानले नाहीत; मानले असते तर कशाबद्दल ते त्याला समजलंही नसतं. पण आज इतक्या वर्षांनी, आयुष्यात मला कोणी काय दिलं हे आठवायला बसले की वहिनीच्या आधी, साहेबांच्या आधी, तो डोळ्यांपुढं येतो. त्या काळी तिथं अशी कितीतरी माणसं आली होती. जुन्या गावाची कला त्यांनी बरोबर आणली, आणि बाकीचं आणायचं कसं कोण जाणे, राहून गेलं. ते राहून गेलं म्हणून आम्ही जगलो.

परतीच्या रिक्षात आत्याबाई आपण होऊन बोलल्या.

"त्याचा बाप खाली ठेवे."

"काय खाली ठेवे?"

"इळा. कामाचे पैसे आपून मातीत ठेवायचे, अन् थो इळा मातीत ठेवे. थो मागं सरला का मंग उचलायचा. मी नवी नवरी होतो तवापासून. त्याच्या हाताचा घाव मी लाखात ओयखतो, पन थो हात मी कधी जवळून नाई पायला." त्या जरा थांबल्या. "आज हा पोट्टा आला तं मी पायतच राहिलो, हा खाली कावून नाई ठेवून राहिला म्हनून."

मी त्यांच्याकडे पाहिलं. मी ही बाई इतकी वर्षं जुन्याची भक्त समजत होते. रोज गावचं कौतुक ऐकून माझे कान किटले होते. त्या कौतुकात ही गोष्ट त्यांनी एकदाही सांगितली नव्हती. मला त्यांचा हात धरावासा वाटत होता, पण माझ्या मांडीवर पोरगी होती आणि रिक्षा खड्ड्याखड्ड्यातून चालली होती.

"गावचं लोखंड चांगलं होतं," आत्याबाई म्हणाल्या. "थे खरंच हाये, थे मी आजबी म्हनतो. बाकी काय चांगलं होतं, थे सांग मले."

मी पदरानं पोरीच्या पापण्यांवरची लाल धूळ पुसली.

त्यांनी हात लांब करून पोरीला माझ्या मांडीवरून उचललं आणि आपल्याकडे घेतलं. "तुही शाळा कवा भरते?"

"सकाळी. लवकर."

"मंग हिले दूध पाजून जात जाजो," त्या म्हणाल्या. "बाकीचं मी पायतो."